वाकड्या रेघेचा कप

चाळणीवर अडकलेला तो पांढरट लगदा वहिनींनी बोटाच्या टोकानं उचलला, खिडकीच्या उजेडात धरला... आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली! लगद्याला एक निळसर टोपी चिकटलेली होती. अर्धी विरघळलेली, बुळबुळीत, पण ओळखू येणारी. याच निळ्या टोपीची कॅप्सूल त्या रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या हातानं पाकिटातून काढत होत्या आणि पाण्याच्या पेल्यासोबत आपल्या लाडक्या नणंदेपुढे ठेवत होत्या. भिंगरीचं औषध! जे त्या पोरीच्या पोटात जायला हवं होतं, ते कपांना द्यायच्या झिलईच्या बादलीत कसं आलं? त्यांनी बादली ढवळली, पुन्हा गाळली, आणि चाळणीवर तसलेच आणखी लगदे आले.

"वहिनी, आवरलं का?" अंगणातून भाऊजींची हाक आली. "डॉक्टरीणबाई काय आपल्यासाठी खोळंबून बसणार आहेत?"

वहिनींनी ते लगदे रुमालात गुंडाळले, हात धुतले आणि निघाल्या. भिंगरी आधीच दारात उभी होती. तिचा चेहरा पुन्हा सुजला होता, पावलं चपलेत मावत नव्हती... आणि तरी वहिनींना बघून ती हसली!

या घरात माणसं तीनच, आणि घराला लागून कप-बश्यांचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं कौतुकानं. एक लांबट खोली, एक भट्टी आणि फळ्यांवर मांडलेला कच्चा माल! भाऊजी साच्यातून कप काढायचे, वहिनी झिलई गाळून त्यात ते बुडवायच्या, आणि शेवटचं मानाचं काम भिंगरीचं. फिरत्या पाटावर कप ठेवायचा, श्वास रोखायचा, आणि कुंचल्याच्या एका टेकणीत कडेभोवती सोन्याची रेघ फिरवून जिथं सुरू केली तिथंच आणून मिटवायची. लहानपणी ती स्वतःच त्या पाटावर बसून गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं ते कायमचं.

तिची आई गेली तेव्हा ती एवढीशी होती आणि वहिनी नुकत्या या घरात आलेल्या. पुढं वहिनींचा नवराही गेला. माहेरची माणसं न्यायला आली, "अजून उभं आयुष्य पडलंय तुझ्यापुढं," म्हणाली. वहिनी तेव्हा भिंगरीचे केस विंचरत होत्या. "हिची वेणी तेवढी पुरी होऊ दे," एवढंच त्या बोलल्या... आणि ती वेणी काही शेवटपर्यंत पुरी झाली नाही! माहेरची माणसं चहा पिऊन परत गेली.

वहिनींच्या नवऱ्याचा एक दंडक होता, आणि तो गेल्यावर धाकट्या भावानं तो देवाज्ञेसारखा पाळला. वाकडं ते फोडायचं! ज्या कपाची रेघ जरा हलली, तो विकायचा नाही, घरात वापरायचा नाही, कुणाला फुकटही द्यायचा नाही. मागच्या भिंतीवर आपटायचा. खळ्ळकन आवाज व्हायचा, आणि भाऊजी हात झटकत आत यायचे. आपल्या कारखान्याचं नाव त्या आवाजावर उभं आहे, असं ते अभिमानानं सांगायचे.

आणि मग हे दुखणं आलं. आधी सकाळी डोळ्यांखाली सूज, मग पायांवर, मग लघवीला साबणासारखा फेस. तपासण्या झाल्या, सुई घालून किडनीचा इवलासा तुकडा काढला, काचेखाली पाहिला. डॉक्टरीणबाई मोठ्या गोड स्वभावाच्या. त्यांनी तिघांना समोर बसवलं आणि समजावून सांगितलं.

"हे बघा, आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. पहारेकरीच म्हणा ना! काही पेशी कोण आपलं, कोण परकं ते ओळखतात, काही हुकूम सोडतात, काही शस्त्रं बनवतात. बाहेरचा रोग शिरला की सगळ्या मिळून तुटून पडतात. हिच्या अंगात नेमकी ओळखण्यात चूक झालीय. घरच्यालाच परकं समजून त्यांनी शस्त्रं उगारलीत. ती शस्त्रं रक्तातून वाहत जाऊन किडनीतल्या बारीक गाळण्यांत अडकतात. तिथं गडबड दिसली की आणखी पहारेकरी धावतात, आणि सगळे मिळून त्या गाळण्यांचीच मोडतोड करतात."

"म्हणजे चाळणीच फाटते," वहिनी म्हणाल्या. जन्म झिलई गाळण्यात गेलेला, दुसरं काय सुचणार!

"अगदी बरोबर! आणि जे रक्तात राहायचं ते खाली गळून जातं. तो फेस त्याचाच."

"मग हाकलून द्या ना असल्या मेल्या पहारेकऱ्यांना!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, हिला लहानपणापासून गोवरातून, तापातून कुणी वाचवलं? त्यांनीच ना! ते वाईट नाहीत. त्यांना शांत करायचं, एवढंच. हे औषध तेच करतं."

"पण पहारेकरी शांत झोपले आणि खरा चोर शिरला, तर?"

"म्हणून तर जपायचं. जरा ताप आला की माझ्याकडं यायचं. पण औषध माझ्या सांगण्याशिवाय बंद करायचं नाही!"

त्या दिवसापासून वहिनींनी औषधाचं पाकीट स्वतःकडं घेतलं. भिंगरीला मीठ कमी, तर सगळ्या घरालाच अळणी! भाऊजी बिचारे मिठाची पुडी खिशात लपवून जेवायला बसायचे आणि वहिनी नेमक्या तेव्हाच वाढायला वळायच्या. घर हसतखेळत होतं... फक्त एक झालं. औषध सुरू झालं आणि भिंगरीची रेघ हलायला लागली. भिंतीवर रोज कप फुटू लागले. मग अचानक एके दिवशी रेघ पुन्हा सरळ आली, केसासारखी बारीक, नितळ! भाऊजींनी तो कप उजेडात फिरवून फिरवून पाहिला. "बसला गं हात परत! मी म्हटलं नव्हतं?" वहिनींनीही तेव्हा पोरीची दृष्ट काढल्यासारखी गालांवरून बोटं मोडली होती.

आणि आज, रुमाल मुठीत धरून डॉक्टरीणबाईंच्या दारात बसल्या बसल्या, वहिनींना उमगलं की ती सरळ रेघ कशी आली होती. अरे देवा... आपण आनंदानं बोटं मोडली, त्याच्या आधीपासूनच ही पोर औषध बादलीत टाकत होती!

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आज त्या हसल्या नाहीत.

"गाळण्या पुन्हा बिघडल्यात. पहिल्यापेक्षा जास्त. भिंगरी, मला खरं सांग, औषध नेमानं घेतलंस?"

"हो."

"एकदाही न चुकता?"

भिंगरीनं दादाकडं, म्हणजे भाऊजींकडं, पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "हो..."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. "मग हे औषध हरलं म्हणायचं. आता दुसरं काढावं लागेल, शिरेतून द्यायचं. जीव वाचवतं ते. पण फार जड आहे... आणि आधीच सांगते बाळ, त्यानं पुढं आई होण्याची वाट कदाचित बंद होते."

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिचे ओठ हलले, पुन्हा हलले... पण शब्द फुटेना! वहिनी वाट पाहत राहिल्या. बोल गं माझ्या बाई, बोल! आत्ता बोललीस तर सगळं वाचेल! पण भिंगरी दादाच्या चेहऱ्याकडं बघत होती, आणि दादाच्या कपाळावरची शीर उडत होती. हा माणूस जीव लावील तसा लावील, पण रागावला की त्याला आगापिछा उरत नाही, हे वहिनींना पुरतं ठाऊक होतं. आजारी पोरीवर तो राग कोसळला तर? ती आधीच एका धाग्यावर लटकलेली...

"थांबा डॉक्टरीणबाई," वहिनी म्हणाल्या. "औषध हरलं नाही. ते तिच्या पोटात गेलंच नाही."

"म्हणजे?"

"मीच दिलं नाही. पहारेकरी झोपवायचं औषध म्हणालात, तेव्हापासून जीव घाबरला होता माझा. दुसऱ्या साध्या गोळ्या देत राहिले मी... ताकदीच्या. पोरीला काही ठाऊक नाही."

रुमाल मुठीत आणखी घट्ट झाला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून त्यांच्याकडं पाहिलं.

"तुम्हाला रागवावं की तुमचे पाय धरावेत, कळत नाही मला! असं औषध तोडणं म्हणजे जिवाशी खेळ. पण आज बोललात म्हणून त्या जड औषधाची गरज नाही. आपलं तेच पुन्हा सुरू करू. आता मात्र डोळ्यांत तेल घालून."

भाऊजींनी घरात पाऊल टाकलं, भिंगरीला वर पाठवलं आणि मग बांध फुटला.

"विश्वासानं दिलं होतं तुमच्या हाती! डॉक्टरांपेक्षा शहाण्या झालात? तो चोराचा प्रश्न विचारलात, तेव्हाच ओळखायला हवं होतं मी! आमची एकुलती एक बहीण, वहिनी! तुम्हाला काय त्याचं! रक्ताची असती तर हात धजला असता तुमचा? शेवटी परकी ती परकीच!"

परकी! वहिनींना वाटलं, भट्टीचं दार कुणीतरी अंगावर उघडलं. इतकी वर्षं... या घराची धूळ, या घराचं दुखणं, या घराची पोर आपली म्हणून छातीशी धरली, आणि एका शब्दात सगळं उंबऱ्याबाहेर? जिभेच्या टोकावर खरं आलं होतं. एक वाक्य पुरे होतं! पण वरच्या जिन्यावर दोन सुजलेली पावलं उभी दिसली आणि ते वाक्य त्यांनी गिळलं.

"सकाळचं औषध उपाशीपोटी द्यायचं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तेवढं विसरू नका."

भट्टीमागं एक खोली होती. खोकी, गवत आणि तुटके साचे ठेवायची. वहिनींनी तिथं आपली वळकटी नेली.

दुपारी भिंगरी धापा टाकत तिथं आली आणि दारातच मटकन बसली. "वहिनी, का केलंस असं? मी सांगते दादाला, आत्ता सांगते!"

"गप्प बस! इकडं ये आधी." वहिनींनी तिला जवळ ओढलं. "का टाकलंस गं बादलीत? मला सांगायचंस ना!"

भिंगरीनं आपले दोन्ही हात पुढं केले. "तेव्हा असे लटलट कापायचे गं. त्या औषधानं. रेघ ओढायला गेले की कुंचला नाचायचा. आणि मग मागं खळ्ळ... माझ्या खोलीत ऐकू येतं ते. रोज! दादा माझेच कप फोडतोय... वाटायचं, या घरात वाकडं ते फोडतात. मग मी कशाला राहिलेय? रेघ नाही, तर मी कोण आहे?"

वहिनींच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. "वेडे! रेघेसाठी तुला वाढवलं होय मी? तू नुसती खाटेवर बसून माझ्याशी भांडलीस तरी माझं घर भरतं!"

"मग दादाला सांगू दे ना."

"सांग. पण आज नको. आज सांगितलंस तर तो तुझ्यावर ओरडेल, तू रडशील, दुखणं वाढेल. आधी औषध पोटात जाऊ दे, अंगात जीव येऊ दे. माझी पाठ काय गं, निबर झालीय. शपथ घे, टाकणार नाहीस."

"तुझी शपथ, वहिनी."

मग भाऊजींचं राज्य सुरू झालं! रोज सकाळी वरून आवाज यायचा, "आ कर! जीभ वर कर! आता डावीकडं दाखव!" आणि भट्टीमागं बसलेल्या वहिनी हसता हसता डोळे पुसायच्या. स्वयंपाकाचं तर विचारूच नका. पहिल्या दिवशी भाऊजींनी करपवलं, दुसऱ्या दिवशी कच्चं ठेवलं, आणि मीठ नसल्याचं त्यांना पहिल्यांदाच खरं दुःख झालं. वहिनी कामावर यायच्या, झिलई गाळायच्या, कप बुडवायच्या आणि आपल्या खोलीत जायच्या. भाऊजी त्यांच्याशी बोलायचे नाहीत. हवं-नको ते खोक्यांना सांगायचे. "झिलई घट्ट झालीय," असं ते खोक्याकडं बघून म्हणायचे, आणि वहिनी मुकाट्यानं पाणी घालायच्या. भिंगरीला थकवा आहे म्हणून रेघांचं काम बंदच होतं. कप बिनरेघेचे जात होते, आणि मागची भिंत मुकी झाली होती.

सूज मात्र उतरत गेली. एके दिवशी वहिनींनी खोलीच्या फटीतून पाहिलं, तर पोरीच्या पायांत तिच्या जुन्या चपला परत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी एकटीनंच दोनदा चहा करून घेतला.

पुढच्या तपासणीला भाऊजी आणि भिंगरी दोघंच गेले. वहिनी चाळणी घेऊन बसल्या खऱ्या, पण हात चालेना. दुपार कलली तेव्हा फाटक वाजलं. भिंगरी घरात न जाता सरळ कारखान्यात आली, मागोमाग भाऊजी, हातात कागद, चेहरा उजळलेला. आज ते खोक्याशी बोलायलाही विसरले.

"गाळण्या सावरतायत! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधानं कमाल केली!"

वहिनींनी डोळे मिटून हात जोडले. भिंगरी मात्र फिरत्या पाटाजवळ जाऊन बसली होती. तिनं एक पांढरा कप पाटावर ठेवला, सोन्याची बाटली उघडली.

"दादा, बस इथं. वहिनी, तूही."

"अगं, आज कशाला? विश्रांती..."

"बस म्हणते ना!"

पाट फिरला. कुंचला टेकला... आणि ती रेघ निघाली! खाली, वर, पुन्हा खाली. सुरू झाली तिथं परत आलीच नाही, बोटभर खालीच जाऊन थांबली. भाऊजी उठून उभे राहिले.

"हात कापतोय तुझा! कधीपासून?"

"औषध सुरू झाल्यापासून. आज तू बाहेर होतास तेव्हा डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं मी, त्या हळूहळू मात्रा कमी करणार आहेत. आता तुला सांगते." भिंगरीनं कुंचला खाली ठेवला. "वहिनीनं काही बदललं नव्हतं, दादा! मी टाकत होते औषध, झिलईच्या बादलीत. रेघ सरळ यावी म्हणून. तुझ्या भिंतीच्या भीतीनं! वहिनीला मागच्या तपासणीच्या सकाळी चाळणीत सापडलं, आणि तिनं माझं पाप आपल्या डोक्यावर घेतलं. मी घाबरट... मी बघत राहिले! परकी ती नाही रे. मीच तिला परक्यासारखं उघड्यावर टाकलं!"

कारखान्यात फक्त पाट फिरल्याचा आवाज येत होता, तोही मंद होत थांबला. भाऊजींनी वहिनींकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं.

"आणि तुम्ही... तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तुमचा राग कुणावर तरी निघणारच होता," वहिनी चाळणी पुसत म्हणाल्या. "ती आजारी, मी धडधाकट. हिशेब सोपा होता, भाऊजी."

एवढा थोरला गडी, पण खाली बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला. "मी तुम्हाला परकी म्हणालो... ज्या घरासाठी तुम्ही जन्म जाळलात, त्याच घराच्या नावानं तुमच्यावर धावून आलो! कोणत्या तोंडानं माफी मागू, वहिनी?"

"याच तोंडानं मागा, दुसरं कुठून आणणार!" वहिनी म्हणाल्या. "अहो, लागलं मला. खोटं कशाला बोलू, फार लागलं! पण डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? पहारेकरी वाईट नसतो. तुम्ही हिच्यासाठीच तुटून पडलात ना? माया होती ती, तिला फक्त माणूस ओळखता आलं नाही. आता शांत व्हा बघू. तुमच्यासाठी कुठलं औषध आणू मी?"

भिंगरी रडता रडता फिसकन हसली. भाऊजींनी डोळे पुसले, उठले, आणि पाटावरचा तो वाकड्या रेघेचा कप उचलून मागच्या दाराकडं चालू लागले. इतक्या वर्षांची सवय! भिंगरीनं वहिनींचा हात घट्ट धरला. दोघींनी डोळे मिटले. आता खळ्ळ... आता...

आवाज आलाच नाही.

डोळे उघडले तेव्हा भाऊजी भट्टीचं दार उघडून आत वाकले होते. सगळ्यात वरच्या फळीवर, मधोमध, त्यांनी तो कप ठेवला आणि मागं वळून म्हणाले, "वहिनी, भट्टी पेटवायची. आज एवढ्या एकाच कपाची भाजणी."

"एका कपासाठी भट्टी? लाकडं काय झाडाला लागतात?"

"लाकडं झाडालाच लागतात, वहिनी!"

आणि तिघंही इतकी हसली, की कुणाचे अश्रू कशाचे ते कुणालाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीमागच्या खोलीचं दार वाजलं. भाऊजी उभे होते. हातात वाफाळता चहा, आणि कपाच्या कडेभोवती ती वेडीवाकडी सोनेरी रेघ झळकत होती. वहिनींनी हात पुढं केला, तर त्यांनी कप मागं घेतला.

"इथं नाही. आत चला. तुमच्या जागेवर बसल्याशिवाय हा कप मिळायचा नाही."

वहिनींनी वळकटी काखेत मारली आणि त्यांच्यामागून घरात आल्या. चुलीजवळची त्यांची जागा पुसून ठेवलेली होती. त्या बसल्या, चहाचा घोट घेतला. अळणी स्वयंपाक करणाऱ्या या माणसानं चहात मात्र साखर दुप्पट घातली होती! त्या काही बोलायच्या आत भाऊजींनी खिशातून औषधाचं पाकीट काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवून वरून आपली बोटं मिटली.

"वहिनी, माझं औषध!" वरून भिंगरी ओरडली.

वहिनींनी कप खाली ठेवला, डोळे पुसले, आणि पाण्याचा पेला घेऊन जिना चढू लागल्या.

"आले गं बाई! आ कर... आणि जीभ वर कर!"